लोकांनी हाताळायचं भंगारशिल्प उभारताय? या चुका टाळा

लांबून बघायच्या शिल्पाला ऊन, पाऊस आणि वारा सोसायचा असतो. हात लावायच्या शिल्पाला त्यावर माणसंही सोसावी लागतात: हँडल उलटं फिरवणारी, दोरीला लोंबकळणारी, पोराला खांद्यावर बसवून वरच्या भागाला हात पोहोचवणारी. त्यातून सामान टाकाऊ असलं की आणखी एक अडचण येते. ते आधी कुठे आणि किती वापरलं गेलं, त्यात काय भरलेलं होतं, आतून किती झिजलंय, हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं.

अशी शिल्पं बहुतेक वेळा तीन जागी मार खातात: दोन वेगळ्या सामानांच्या सांध्यात, हलणाऱ्या भागात आणि वायरिंगमध्ये. एक चांगलं उदाहरण आधी बघू. केटलिंड ब्राउन आणि वेन गॅरेट यांनी २०१२ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीत 'क्लाउड' नावाचं शिल्प उभारलं. त्यात चालू आणि जळालेले मिळून ६,००० बल्ब होते आणि खाली लोंबणाऱ्या साखळ्या ओढून लोक दिवे चालू-बंद करत. काच डोक्याच्या वर होती, लोकांच्या हातात फक्त साखळी. नाजूक भाग पोहोचेबाहेर आणि हातात येणारा भाग साधा, स्वस्त, पटकन बदलता येणारा, ही मांडणी जमली की निम्मे प्रश्न कागदावरच सुटतात. उरलेले खाली.

चूक: सामान ओळखण्याआधीच कापायला घेणं

यातून होणारं नुकसान शिल्पाचं नसतं, कारागिराचं असतं. म्हणून सगळ्यात आधी हे.

बंद भांडं कधीही गरम करू नका. रॉकेल, थिनर, पेट्रोल, डिझेल यांचे रिकामे दिसणारे ड्रम आतून वाफेने भरलेले असतात. ग्राइंडरची ठिणगी पुरते. गाड्यांचे शॉक अॅब्सॉर्बर आणि डिकी उचलून धरणारे गॅसचे दांडे यांच्या आत दाबाखाली नायट्रोजन असतो. त्यांना भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका. आकार फारच आवडला असेल तर न उघडता, न तापवता क्लॅम्पने धरा.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा पाइप वेल्ड करायचा असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंचा किमान २५ मिमी मुलामा घासून काढा. तो तसाच जाळला तर जस्ताचा धूर छातीत जातो आणि काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. सायकलची चकचकीत हँडलं आणि मडगार्डं क्रोमची असतात. त्यांच्या धुरातलं क्रोमियम जास्त घातक, म्हणून तिथे नटबोल्टच वापरा. आणखी एक गोष्ट सहज निसटते. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग पूर्ण कोरडा न करता वेल्ड केला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. तेलकट भाग साबणाच्या पाण्याने धुवा, नीट वाळवा, मगच आर्क लावा.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका. पाणी मारून घासा किंवा रंग काढायच्या रसायनाने उतरवा. धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. लाकडाबाबत नियम सोपा आहे: रेल्वेचे जुने स्लीपर क्रिओसोटमध्ये (डांबरातून काढलेल्या विषारी तेलात) मुरलेले असतात आणि जुनं हिरवट झाक असलेलं प्रक्रिया केलेलं लाकूड आर्सेनिकचं असू शकतं. लोकांचा हात लागणाऱ्या जागी दोन्ही नकोत. मालवाहू पॅलेटवरचा शिक्का वाचा. 'एचटी' म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते बाजूला ठेवा. शिक्काच नसेल तर लाकूड वापरू नका.

प्लास्टिक ओळखायला त्रिकोणातला आकडा बघा: १ म्हणजे पेट, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ५ पॉलिप्रॉपिलीन. आकडा पुसला गेला असेल तर एक छोटा तुकडा पाण्यात टाका. एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पेट आणि पीव्हीसी बुडतात. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची, पण तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पीव्हीसी वितळवलं की हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, त्यामुळे वितळवायच्या ढिगात त्याचा एकही तुकडा जाता कामा नये. थर्मोकोल आणि फोम पटकन पेट घेतात. गर्दीच्या जागी त्यांना पूर्णपणे नाही म्हणा.

चूक: प्लास्टिक चिकटवणं आणि घट्ट आवळणं

बाटल्यांच्या झाकणांचं भित्तिशिल्प दोन महिन्यांत गळायला लागलं की दोष बहुधा गोंदावर जातो. खरं कारण असं की एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या पृष्ठभागाला बाजारातले नेहमीचे गोंद धरतच नाहीत. इपॉक्सी असो, सिलिकॉन असो की झटपट चिकटणारा थेंब असो, वाळल्यावर तो साल निघावी तसा सुटून येतो. झाकणाला मध्यभागी भोक पाडून स्टेनलेस स्क्रू आणि वॉशरने बसवा, किंवा स्टेनलेस तारेत ओवा.

झाकणं वितळवून पाट्या बनवणाऱ्यांसाठी: झाकणं एचडीपीईची असतात आणि पॉलिप्रॉपिलीनचीही. दोन्ही तरंगतात, त्यामुळे पाण्याची चाचणी इथे उपयोगी नाही. झाकणाच्या आतला आकडाच बघावा लागतो. एचडीपीई साधारण १३० अंशांना वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६० ला, आणि दोन्ही एकत्र दाबली तरी एकजीव होत नाहीत. पाटी दिसायला छान येते, मात्र बोल्ट आवळताना पदर सुटतात.

दुसरी गोष्ट, प्लास्टिक उन्हात वाढतं, आणि बरंच वाढतं. एचडीपीईची २ मीटरची पट्टी घ्या. पहाटे २० अंश आणि भर उन्हात गडद रंगाची पट्टी ६० अंश, म्हणजे ४० अंशांचा फरक. मीटरमागे दर अंशाला सुमारे ०.१५ मिमी धरले तर पट्टी १२ मिमी लांबते. तिच्या मागची लोखंडी चौकट तेवढ्याच फरकात जेमतेम १ मिमी. दोन्ही टोकं घट्ट आवळलेली असतील तर दुपारी पट्टी फुगून बाहेर येते आणि काही आठवड्यांत बोल्टच्या भोकापासून तडा जातो.

उपाय: मधला एकच बोल्ट घट्ट ठेवा. बाकी ठिकाणी ६ मिमी बोल्टसाठी साधारण ७ × २० मिमीचं लांबट भोक पाडा, लांबी पट्टीच्या दिशेने. खाली २५ ते ३० मिमीचा मोठा वॉशर आणि वर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा). नट पूर्ण आवळून पाव फेरा सैल करा. नायलॉक तिथेच थांबतो, साधा नट थांबणार नाही.

तिसरा मुद्दा उन्हाचा. पारदर्शक बाटल्या आणि साधं पॉलिप्रॉपिलीन अतिनील किरणांनी ठिसूळ होतं, मग त्याचा चुरा जमिनीवर आणि नाल्यात जातो. पर्यावरणाचा संदेश देणाऱ्या शिल्पाने प्लास्टिकचे कण सांडणं आम्हाला अजिबात मान्य नाही. पाण्याचे काळे एचडीपीई पाइप मात्र वर्षानुवर्षं टिकतात, कारण त्यांत २ ते २.५ टक्के कार्बन ब्लॅक मिसळलेलं असतं. उघड्यावरचा कणा आणि आवरण काळ्या पाइपचं करा. रंगीत बाटल्या सावलीच्या बाजूला आणि वर्षाकाठी बदलता येतील अशा चौकटीत लावा.

चूक: हलकं आहे म्हणून पाया लहान घेणं

बाटल्यांची भिंत दोन माणसं उचलतात, म्हणून तिला चार खुंट्या पुरतील असं वाटतं. वारा वजन बघत नाही, क्षेत्रफळ बघतो. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे: ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात. ४० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १४४ किमी वाऱ्याला हा दाब ९६० न्यूटन प्रति चौरस मीटर येतो, म्हणजे चौरस मीटरला जवळपास ९८ किलो.

आता ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच फलक घ्या, जमिनीपासून अर्धा मीटर वर. क्षेत्रफळ ६ चौरस मीटर. आकारामुळे वाऱ्याचा जोर वाढतो, त्याचा गुणक १.२ धरला तर ढकलणारा जोर सुमारे ७०० किलो. तो फलकाच्या मध्यावर, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरवर लागतो. पाया अर्धा मीटर खोल असेल तर पायाच्या तळापासून २ मीटर. उलथवणारा जोर झाला १,४०० किलो-मीटर. १.६ × १.६ × ०.५ मीटरचा काँक्रीटचा ठोकळा सुमारे ३,०७० किलोंचा होतो आणि त्याचा विरोध ३,०७० गुणिले ०.८, म्हणजे २,४५० च्या आसपास. सुरक्षिततेचं प्रमाण १.७५. हे ठीक आहे. मात्र हाच ठोकळा १.२ मीटरचा केला तर विरोध जेमतेम १,०४० उरतो आणि पहिल्याच वादळात फलक आडवा होतो. हा हिशेब अंदाजासाठी आहे. वाऱ्याचा स्थानिक वेग आणि मातीची ताकद धरून शेवटचा आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या.

फलकाला भोकं ठेवली की वाऱ्याचा जोर घटतो, हे खरं. पण लोक त्याच भोकांत पाय रोवून चढतात. एक फायदा घेताना दुसरा धोका मोजून ठेवा.

चूक: फटी डोळ्यांनी मोजणं

खेळण्याच्या साधनांसाठीच्या युरोपीय मानकात, ईएन ११७६ मध्ये, दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ८९ ते २३० मिमीच्या मधली बंदिस्त फट धोक्याची, कारण तीतून मुलाचं धड जातं आणि डोकं अडकतं. ८ ते २५ मिमीचं भोक धोक्याचं, कारण तिथे बोट अडकतं. शिल्प म्हणजे खेळणं नव्हे हा युक्तिवाद मुलांना ठाऊक नसतो. सायकलच्या फ्रेमचे त्रिकोण, रिमच्या आऱ्या, गिअरची भोकं, जाळ्या, हे सगळं भंगारातलं आवडतं सामान नेमकं याच मापांचं असतं. ८९ आणि २३० मिमी व्यासाच्या दोन लाकडी चकत्या आणि ८ व २५ मिमीचे दोन गज हाताशी ठेवा आणि प्रत्येक फटीत घालून बघा. रिम वापरायची असेल तर दोन्ही बाजूंना ४ किंवा ५ मिमी जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती बसवा.

हलणाऱ्या भागाची फट आणखी वाईट, कारण ती बंद होते. यंत्रांच्या मानकात, आयएसओ १३८५४ मध्ये, चिरडलं जाऊ नये म्हणून किमान अंतरं दिली आहेत: बोटासाठी २५ मिमी, मुठीसाठी १००, दंडासाठी १२०, डोक्यासाठी ३००, पूर्ण शरीरासाठी ५००. इथे एक सापळा आहे. दंडासाठी म्हणून १२० मिमी ठेवलेल्या फटीत लहान मुलाचं डोकं शिरू शकतं. म्हणून जिथे मुलाचं डोकं पोहोचू शकतं, तिथे फट सर्वांत लहान स्थितीतही ३०० मिमी राहिली पाहिजे, किंवा कुठल्याच स्थितीत ४ मिमीच्या वर जाता कामा नये. मधलं काहीही नको.

चढता येईल अशी पायरी, खाच, आडवा दांडा ६०० मिमीच्या वर असेल तर खाली धक्का शोषणारा पृष्ठभाग लागतो. चढू नये असं वाटत असेल तर पाटी लावून उपयोग नाही. आडवे दांडे काढून टाका आणि पहिले २ मीटर गुळगुळीत उभे ठेवा.

चूक: हँडल फिरवणारा माणूस शहाणा आहे असं धरणं

हा भाग सगळ्यात जास्त वेळ खातो आणि सगळ्यात आधी तुटतो.

सायकलची क्रँक हे आवडतं साधन: स्वस्त, बेअरिंगसह, पकडायला सोपं. तिच्या पेडलच्या जागी हँडल लावलं की काम झालं असं वाटतं. महिन्याभरात हँडल हातात येतं. का, ते बघा. सायकलच्या उजव्या पेडलला नेहमीचे आटे असतात आणि डाव्याला उलटे. पुढे पेडल मारताना दोन्ही आपोआप आवळत राहतात. लोक मात्र हँडल दोन्ही दिशांना फिरवतात, त्यामुळे ते हळूहळू सुटतं. पेडलच्या आट्यांवर अवलंबून राहू नका. क्रँकच्या भोकातून आरपार बोल्ट घाला, हँडलच्या आत बुश (बोल्टभोवती फिरणारी गुळगुळीत नळी) ठेवा आणि मागे नायलॉक नट. बोल्टचं टोक नटाबाहेर २ मिमीपेक्षा जास्त आलं तर कापून त्यावर डोमनट (गोल टोपीचा बंद नट) बसवा.

आता ताकद. १७० मिमी क्रँकवर ८० किलोंचा माणूस रेलला तर दांड्यावर १३३ न्यूटन-मीटर पीळ येतो. उडी मारली तर दुप्पट धरा, सुमारे २७०. यंत्रणा अडकलेली असेल तर हा सगळा पीळ दांड्यातच जिरतो. २० मिमीच्या भरीव पोलादी दांड्यात तेव्हा १७२ मेगापास्कल कातरताण येतो. साधं पोलाद साधारण १४५ लाच कायमचं पिळायला लागतं. २५ मिमी दांडा घेतला तर ताण ८८ वर येतो. पाच मिमीचा फरक, पण एक दांडा टिकतो आणि एक पिळवटतो. त्याबरोबर घसरता क्लच ठेवा: दोन पोलादी चकत्यांमध्ये ब्रेक लायनिंगचं जुनं कापड, वर स्प्रिंग आणि नट. ३० ते ४० न्यूटन-मीटरला घसरेल इतका नट आवळा. हँडल अडकलं तरी माणूस फिरवत राहतो आणि आत काही तुटत नाही.

क्रँक जड चाकाला जोडली असेल तर सायकलचं फ्रीव्हील मध्ये असलंच पाहिजे. ते नसेल तर हात काढल्यावरही हँडल चाकाबरोबर फिरत राहतं आणि पुढच्या मुलाच्या हनुवटीला लागतं. फ्रीव्हीलने उलट फिरवण्याचा प्रश्नही सुटतो, उलट दिशेला हँडल नुसतं मोकळं फिरतं. साखळी आणि स्प्रॉकेट चारही बाजूंनी बंद डब्यात हवेत, अवजाराशिवाय न उघडणाऱ्या. यात तडजोड करू नका, इथे बोटं तुटतात.

बेअरिंग जुनी वापरू नका. बाकी सगळं शिल्प भंगारातलं करा, बेअरिंग, नट आणि पायाचे अँकर बोल्ट नवे घ्या. मागे '२आरएस' लिहिलेली रबरी सीलची बेअरिंग घ्या. '२झेड' किंवा 'झेडझेड' पत्र्याच्या झाकणाची असतात, त्यांत धूळ शिरते आणि पाणीही. हळू फिरणाऱ्या भागाला बेअरिंगपेक्षा जाड प्लास्टिकचं किंवा तेल मुरवलेल्या काशाचं बुश जास्त टिकतं. स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नट कोरडा आवळला की जागच्या जागी जाम होतो, म्हणून आट्यांना अँटिसीझ (जाम होऊ न देणारं वंगण) लावा.

हलणाऱ्या भागाचा शेवट धातूवर धातू आपटून करू नका. लोक मुद्दाम जोरात आपटतात, कारण आवाज येतो. ट्रकच्या ट्यूबचे चार-पाच थर बोल्टने दाबून थांबा बनवा.

चूक: दोन धातू शेजारी ठेवून निर्धास्त होणं

वेगळे धातू ओले राहिले की त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजतो. किती वेगाने, ते क्षेत्रफळावर ठरतं. अॅल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्याला स्टेनलेसचा छोटा बोल्ट बरेच दिवस चालतो. उलट केलं, म्हणजे स्टेनलेस किंवा तांब्याच्या पत्र्याला अॅल्युमिनियमचे रिव्हेट मारले, तर रिव्हेट खाऊन जातात आणि पत्रा गळून पडतो. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि बोल्टभोवती प्लास्टिकची नळी घाला. तांबं कधीही अॅल्युमिनियमच्या किंवा जस्ताच्या मुलाम्याच्या वर लावू नका. तांब्यावरून आलेलं पाणी खालच्या पत्र्याला खड्डे पाडतं.

पोकळ चौकोनी पाइप आतून गंजतो. सगळ्यात खालच्या जागी ६ मिमीचं भोक पाडा. शिल्प जस्ताच्या कढईत बुडवायचं असेल तर प्रत्येक बंद पोकळीला हवा निघायची वाट आधीच ठेवा, कारण कढईतलं जस्त सुमारे ४५० अंशांचं असतं आणि बंद पाइप तिथे फुटतो. नुसता गंजलेला पृष्ठभाग फोटोत सुंदर दिसतो. हाताळायच्या शिल्पाला तो चालत नाही, कपडे आणि तळवे तांबडे होतात.

चूक: सेन्सर घरातल्या टेबलावर तपासणं

माणसाच्या उष्णतेने चालणारा पीआयआर सेन्सर माणूस आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानातला फरक बघतो. हवा ३५ अंशांवर गेली की फरकच उरत नाही, आणि उन्हात तापलेली, हलणारी पट्टी त्याला माणसासारखी दिसते. म्हणून दुपारी तो एकतर गप्प किंवा वेडा. स्पर्शाने चालणारा कपॅसिटिव्ह सेन्सर पावसाच्या थेंबालाही बोट समजतो. ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा, उघड्या जाळीचा अल्ट्रासॉनिक सेन्सर पाणी लागलं की संपतो. त्याच्या जलरोधक भावंडाला अगदी जवळचं, साधारण २० सेमीच्या आतलं, काही दिसत नाही.

उघड्यावर सगळ्यात भरवशाची जोडी म्हणजे चुंबक आणि त्याला ओळखणारा बंद रीड स्विच किंवा हॉल सेन्सर. माणूस हँडल, झडप, लंबक हलवतो, चुंबक सेन्सरसमोरून जातं, मध्ये प्लास्टिकची भिंत असली तरी चालतं. पाणी, धूळ, ऊन कशाचाच संबंध येत नाही. रीड स्विचचा संपर्क थरथरतो, त्यामुळे प्रोग्रॅममध्ये २० ते ५० मिलिसेकंद थांबून मगच मोजा. ठोकून वाजवायचं असेल तर जाड पत्र्याच्या मागून पिझो चकती (ठोका बसला की विजेचा संकेत देणारी) लावा.

प्रतिसाद ०.१ सेकंदाच्या आत आला पाहिजे. उशीर झाला की लोकांना वाटतं बिघडलंय आणि ते दुप्पट जोराने दाबतात. तोडफोड म्हणून ज्याची नोंद होते त्यातलं बरंच काही प्रत्यक्षात न मिळालेल्या उत्तराचा वैताग असतो. याच कारणासाठी वीज गेली तरी शिल्पाने काहीतरी केलं पाहिजे: चाक फिरावं, मणी खळखळावेत, पाती उघडावी.

डबा आयपी६५ किंवा ६७ (धूळ-पाणी रोखण्याची श्रेणी) घेतला म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. उन्हात तापलेला डबा पावसाची सर आली की अचानक थंड होतो, आतला दाब घटतो आणि केबलच्या तोंडातून ओल आत ओढली जाते. डब्याच्या तळाला हवा जाऊ देणारा, पाणी न जाऊ देणारा श्वासनळीचा प्लग बसवा, केबलची तोंडं खाली ठेवा, केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या म्हणजे थेंब तिथेच गळेल. सिलिका जेलच्या पुड्या काही आठवड्यांत भरून जातात, त्यांच्यावर विसंबू नका.

हात पोहोचेल तिथे २४ व्होल्टपेक्षा जास्त वीज नको. मुख्य वीज येते तिथे ३० मिलिअँपिअरचं आरसीडी (वीज गळली की पुरवठा तोडणारं उपकरण) आणि प्रत्येक शाखेला फ्यूज. तार बारीक घेण्याची चूक फार दिसते: १० मीटर लांब, १.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेतून ५ अँपिअर नेले तर जाऊन-येऊन १.१७ व्होल्ट वाटेत जातात. १२ व्होल्टच्या दिव्यांना हे जवळपास १० टक्के. ५ व्होल्टच्या रंगीत एलईडी पट्टीत मीटरला ६० दिवे असतील तर पूर्ण पांढऱ्या उजेडाला मीटरमागे ३.६ अँपिअर लागतात. अशा पट्टीला दोन्ही टोकांनी वीज द्या आणि प्रोग्रॅममध्ये उजेड ४० टक्क्यांवर बांधा.

जुन्या लॅपटॉपमधल्या लिथियम सेलचा मोह टाळा. त्यांची आतली अवस्था बाहेरून कळत नाही आणि उन्हात तापलेल्या डब्यात त्या पेट घेऊ शकतात. बॅटरी लागणारच असेल तर संरक्षक सर्किटसह नवी लिथियम आयर्न फॉस्फेट, सावलीत.

चूक: वाजणाऱ्या नळ्या कुठेही टांगणं

धातूची नळी ठोकल्यावर ठक्क असा मेलेला आवाज येत असेल तर नळी बहुधा चांगली असते, टांगायची जागा चुकलेली असते. दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर ती कमीत कमी हलते. १ मीटर नळीला २२४ मिमीवर भोक. एक सप्तक वरचा सूर हवा असेल तर त्याच जाडीची नळी ०.७०७ पट लांबीची कापा. ५०० मिमीची ३५४ होते. ठोकणीची दोरी मुलाच्या गळ्याभोवती फास बसेल इतकी लांब किंवा लवचीक नको. रबरी नळीत घातलेली पोलादी वायर रोप वापरा. आणि रात्री ठोकणी कुलूपबंद करायची सोय ठेवा, नाहीतर शेजारचेच तक्रार करून शिल्प बंद पाडतील.

बिघाड झालाच तर कुठून सुरुवात करायची

हँडल जड झालं: आधी ते क्लचपासून सोडवा. तरी जड असेल तर बेअरिंग गेलंय किंवा चौकट वाकून दोन बेअरिंग एका रेषेत राहिलेली नाहीत. बेअरिंग धरणारे बोल्ट अर्धा फेरा सैल केल्यावर हलकं झालं तर दुसरं कारण नक्की, आणि बेअरिंग बदलून काही होणार नाही. खाली पातळ पत्रा घालून रेष जुळवा. हँडल हलकं झालं आणि काहीच फिरत नाही, तर क्लचचं कापड तेलकट झालंय.

पाऊस आला की दिवे आपोआप लागतात: सेन्सर स्पर्शाचा असेल तर तोच. चुंबकाचा असेल तर केबलच्या जोडात पाणी. जोड उघडा, हिरवट पूड दिसली तर तेवढी तार कापून टाका, पूड पुसून पुन्हा जोडू नका.

सकाळी चालतं, दुपारी बंद: वीजपुरवठ्याचा डबा तापतोय किंवा पीआयआर आहे. संध्याकाळी आपोआप सुरू झालं तर डब्यावर सावली करा. अधूनमधून पूर्ण थिजतं आणि बंद-चालू केल्यावर बरं होतं: प्रोग्रॅममध्ये ८ सेकंदांचा वॉचडॉग (प्रोग्रॅम थिजला की तो पुन्हा सुरू करणारा टायमर) टाका, आणि मोटर व कंट्रोलर एकाच तारेवर असतील तर त्या वेगळ्या करा.

एकच बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होतो: तो आवळत बसू नका. तिथे काहीतरी प्रसरण पावतंय किंवा वाकतंय. बोल्टभोवती रंगाची भुकटी किंवा तांबडी रेघ दिसली की सांधा हलतोय हे नक्की.

डास झाले: टायर, बाटल्या, उलटे डबे बघा. साचलेल्या पाण्यात डासाची पिढी आठवड्या-दीड आठवड्यात तयार होते. टायरला दर ३०० मिमीवर आणि बाटलीच्या तळाला ६ मिमीचं भोक.

चूक: उद्घाटनाच्या दिवशी पहिली चाचणी

सायमन रोडिया यांनी १९२१ ते १९५४ या काळात लॉस एंजेलिसमध्ये सळ्या, जाळी, मॉर्टर, फुटक्या फरश्या आणि बाटल्यांच्या काचांतून वॉट्स टॉवर्स उभारले. पुढे ते धोकादायक ठरवून पाडायचं ठरलं, तेव्हा १९५९ मध्ये त्यांना आडवा १०,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४,५०० किलोंचा ओढ देऊन बघितला. मनोरे उभे राहिले, ओढणारी यंत्रणाच आधी नमली. मत आणि मोजमाप यांत किती फरक असतो ते यातून दिसतं.

तुमच्या शिल्पाच्या हातात येणाऱ्या प्रत्येक भागाला अपेक्षित जोराच्या दुप्पट वजन टांगा, पाच मिनिटं ठेवा, काढल्यावर माप घ्या. मूळ जागेवर परत आला नाही तर तो भाग कमकुवत आहे. हलणाऱ्या यंत्रणेला मोटर जोडून फिरवा. दिवसाला २०० माणसं आणि प्रत्येकी २० फेरे धरले तर दिवसाचे ४,००० फेरे होतात. मिनिटाला ६० च्या वेगाने ५०,००० फेरे घालायला १४ तास लागतात आणि त्यात पहिल्या दोन आठवड्यांचे बहुतेक बिघाड कार्यशाळेतच उघड होतात. सेन्सरवर बागेच्या पाइपने पाणी मारा, तेही भर दुपारी तापल्यावर.

उभारल्यावर पहिला महिना दर आठवड्याला, पुढे एक ते तीन महिन्यांनी सांधे आणि यंत्रणा, वर्षातून एकदा पाया आणि वेल्ड तपासा. एका जाड वहीत सुट्या भागांची मापं, बोल्टचे आकार, वायरिंगचा नकाशा आणि कुठलं सामान कुठे वापरलंय ते लिहून एक प्रत शिल्पाच्या पायातल्या डब्यात ठेवा. सामानाची ती यादी शिल्प उतरवतानाही लागते: बोल्टने जोडलेलं एचडीपीई, लोखंड आणि अॅल्युमिनियम वेगळं करून पुन्हा भंगारात देता येतं. काँक्रीटमध्ये पुरलेल्या किंवा राळेत बुडवलेल्या बाटल्या मात्र थेट कचराभूमीवर जातात, त्यामुळे तशी रचना पहिल्या रेखाटनातच खोडून टाका.